शी म्हणायचं नाही

मिरजेच्या एका दवाखान्यात मी तेहतीस वर्षं नर्स म्हणून काढली. पू, रक्त, ओकारी, बेडपॅन, सडलेली बोटं, या हातांनी काय काय उचललं त्याची गणती नाही. नव्या पोरी वॉर्डात आल्या की नाकाला रुमाल लावायच्या आणि मी त्यांना तिथल्या तिथं झापायचे. खरं सांगायचं तर मीच जन्माची किळसाळू. आजही चहावर साय धरलेली दिसली की मी कप तसाच बाजूला सारते. पण माझं वाकडं झालेलं तोंड एकाही पेशंटला कधी दिसलं नाही. तोंड सरळ ठेवायचं हे मला नर्सिंगच्या शाळेनं नाही शिकवलं. ते मी नऊ वर्षांची असताना शिकले, आणि कसं शिकले ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला. गावाबाहेर आमची वस्ती, आणि वस्तीच्याही बाहेर, ओढ्याच्या काठी, शाळा. शाळा म्हणजे पत्र्याचं लांबट विहार. आत बुद्धाची तसबीर, शेजारी कोट घातलेली दुसरी, जिची ओळख आमच्यात कुणाला करून द्यावी लागत नाही. बसायला गोणपाट. जागा पूर्वीची ढोरं फाडायची. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं आणि ती जागा मोकळी पडली. शाळेसाठी गावानं दुसरी दिलीच नाही. जमीन सपाट करताना हाडं निघाली होती, आणि पुढंही पाऊस पडून गेला की एखादा खूर नाहीतर दात वर यायचा. त्या जागेवर रोज सकाळी आम्ही चाळीस पोरं डोळे मिटून बसायचो, आणि नाकानं काय आत जातंय ते बघायचो.

हे बघायला शिकवणारे आमचे गुरुजी पलटणीतले निवृत्त हवालदार. लढाईत ते ब्रह्मदेशात होते आणि तिथल्या एका म्हाताऱ्या भिक्खूनं त्यांना श्वासाकडं लक्ष ठेवायला शिकवलं होतं. गावी आल्यावर त्यांनी पहिली ते चौथीची शाळा काढली आणि त्या भिक्खूची शिकवण पलटणीच्या शिस्तीत बसवली. रेल्वेच्या रुळाचा तुकडा दारात टांगला होता. त्याच्यावर टोला पडला की गुरुजी ओरडायचे, "बैठ जाव! आँख बंद! सांस देख!" पहिलीतली पोरं दचकून रडायची. मग वीस मिनिटं शांतता, म्हणजे शेंबूड वर ओढल्याचे आवाज.

त्यानंतर नोंद. एकेकानं उठायचं आणि बसल्या बसल्या काय जाणवलं ते सांगायचं. छान, घाण, बरं, वाईट असलं त्याला काही जोडायचं नाही. "नाकात वास आला, गुर्जी." "कसला?" "मेल्याल्या उंदराचा." "बस खाली." झालं. जे आहे ते बघायचं, जे आहे ते सांगायचं, खोटं बोलायचं नाही. याच्यापलीकडं त्या शाळेचा धर्म नव्हता, आणि एवढा धर्म नऊ वर्षांच्या पोरीला पुरून उरतो.

आणि एक शब्द बंद होता. शी. थू, घाण, ई, हे सगळे त्याचेच भाऊबंद, तेही बंद. जो शी म्हणेल त्यानं त्या वस्तूपुढं जाऊन बसायचं आणि तीस श्वास होईपर्यंत तिच्याकडं बघत राहायचं. नजर हलली की पुन्हा एकपासून. या शिक्षेत माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. मी शेणापुढं बसले, कुणाच्या तरी खरजेच्या खपल्यांपुढं बसले, मुंग्या लागलेल्या सरड्यापुढं बसले. बाकीची पोरं गालात हसत खेळायला जायची आणि मी सरड्याच्या पोटातून मुंग्या बाहेर येताना बघायची. त्यानं माझी किळस गेली म्हणाल तर एक कणभर गेली नाही. ती फक्त तोंडावरून आत सरकली आणि तिथं मुरत बसली.

साडेदहाला शरीरातल्या बत्तीस वस्तूंची उजळणी. केस, नखं, दात, कातडं इथपर्यंत ठीक. मग मांस, आतडी, पित्त, कफ, पू, रक्त, घाम, थुंकी, शेंबूड, मूत. भिक्खूनं शिकवलेला तोच क्रम, पाढ्यांच्या चालीवर, जोरजोरात. आणि ही उजळणी संपली की लगेच जेवण. वेळापत्रक असं कुणी मुद्दाम लावलं नव्हतं. पाढे, बत्तीस वस्तू, जेवण, असं ओळीनं पडलं होतं, आणि गुरुजींना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. पुढं नर्सिंगच्या पहिल्या परीक्षेत शरीरशास्त्रात मी पहिली आले त्याचं श्रेय या उजळणीला, हे मी नाकारत नाही. पण शेंबूड आणि मूत म्हणून झाल्यावर हातात ताट घेताना काय होत असे ते मलाच ठाऊक.

त्यात ते दुष्काळाचे दिवस. मोठी माणसं खडी फोडायला, आईही त्यातच, आणि पोरांना शाळेत मिलोच्या कण्या. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. आमच्याकडं जनावरंसुद्धा तिला नाक लावून मागं सरायची. पोत्याला रॉकेलचा वास, आणि आत दाण्यांइतक्याच अळ्या. दुकानदारानं गुरुजींना सांगितलं, पोत्यात औषधाची गोळी टाका, सगळा किडा मरतो. गुरुजी म्हणाले, आमच्यात जीव मारत नाहीत. त्यांनी कडुनिंबाचा पाला टाकला. अळ्यांना तो मानवला.

मग दाणे निवडायचं काम चौथीकडं आलं. आम्ही सात जण सूप घेऊन बसायचो. अळी दिसली की हात थांबवून मोठ्यानं म्हणायचं, "जीव हाय!" की सातही सुपं थांबायची. ज्याला दिसली त्यानं ती लिंबाच्या पानावर अलगद घ्यायची, बाहेर नेऊन झाडाच्या बुंध्याशी सोडायची, परत यायचं. की पुढं निवडणं सुरू. जेवतानाही हाच नियम. ताटात काही हललं की "जीव हाय," आणि अख्खी पंगत घास हातात धरून बसायची. मला अळीला हात लावणं व्हायचं नाही. पानावरूनसुद्धा तिची वळवळ बोटांना कळते. मी जीव हाय म्हणायची आणि शेजारणीकडं केविलवाणं बघायची. मग तीच उठायची.

झाडाजवळच्या घरात कोंबड्या होत्या. आठवड्याभरात त्यांना वेळ कळली. अकराच्या सुमाराला पाचसहा कोंबड्या बुंध्याशी येऊन थांबायच्या आणि आम्ही जीव सोडला रे सोडला की टिपायच्या. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. एके दिवशी नोंदीत मी उठून म्हटलं, "गुर्जी, आपुन सोडल्याल्या अळ्या कोंबड्या खात्यात." गुरुजींनी दारातून झाडाकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी ज्ञानाचं सांगतील. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः काठी घेऊन बुंध्याशी उभे राहायला लागले. अळ्या मातीत, सालपटाखाली जाईपर्यंत, दहा दहा मिनिटं, उन्हात. पन्नाशी उलटलेला हवालदार अळ्यांवर पहारा देतोय हे बघून वस्तीतले लोक तोंडावर हात धरून हसायचे. मला हसूही येत नव्हतं. मला ते सगळंच ओंगळ वाटायचं, अळ्याही, कोंबड्याही आणि तो चांगुलपणाही.

एकदा पहिलीतल्या एका पोरानं कण्या ओकल्या. मी शी म्हटलं. त्या दिवशीची ती तिसरी शी. गुरुजींनी मला त्या ओकारीपुढं बसवलं. बाराव्या श्वासाला माझा धीर सुटला आणि मी रडत ओरडले, "मला न्हाई यायचं हितं! मला गावातल्या शाळंत घाला!" गुरुजी येऊन माझ्या शेजारी गोणपाटावर बसले.

"तुज्याएवढा व्हतो तवा मी गावातल्याच शाळंत जायचो," ते म्हणाले. "आत न्हवं. पायरीवर. मास्तर माजी पाटी हातात घेत न्हवता. काठीनं वढून घ्यायचा, काठीनं सारायचा. आन् वढताना एकच शबुद म्हणायचा."

मी विचारलं नाही कुठला.

"ह्यो शबुद आपल्याला किती जणांनी म्हटला आसंल, बग. आपल्या बापाला, आज्याला. आता आपल्या तोंडात त्यो नगं. कशालाच नगं. शेणालाबी नगं. एकदा तोंडात बसला की त्यो माणसावर जातोच."

मोठी झाल्यावर हे आठवून मी कितीदा तरी रडले आहे. त्या दिवशी मात्र मला त्यांची कीव आली नाही. माझ्या नाकात ओकारीचा वास होता आणि अठरा श्वास शिल्लक होते.

चौथीच्या शेवटाला शाळा तपासायला तालुक्याहून साहेब येणार असं कळलं. आमच्या शाळेला मान्यता नव्हती. मान्यता नाही तर आम्हा सात जणांच्या चौथीच्या दाखल्याला हायस्कुलात कुणी विचारणार नव्हतं. चौथी पुन्हा करावी लागली असती, गावातल्या शाळेत, बारक्या पोरांच्या ओळीत. आई रोज विचारायची, सायेब कवा येणार? घराघरातून तेच. गुरुजींना मात्र सहीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची आस लागली होती. "सही काय, हुतीया," ते म्हणायचे. "त्यो आपल्या पंगतीत बसून जेवला, मग खरी मान्यता." विहारात आलेला कुणीही पोरांबरोबर दोन घास खाल्ल्याशिवाय जायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. साहेबांना वाढायला त्यांनी मला निवडलं. कारण सगळ्यांत स्वच्छ हात माझे. दिवसातून वीसदा मी ते राखेनं घासायची.

साहेब बुधवारी आले. हे मला पक्कं आठवतं, कारण सकाळी फळ्यावर वार मीच लिहिला होता. पांढरा बुशशर्ट, मागं शिपाई, शिपायाच्या हातात साहेबांचं पाणी. खुर्चीवर रुमाल अंथरून ते बसले. पोरांनी पाढे म्हटले, वाचून दाखवलं, गणितं केली. मग टोला पडला आणि चाळीस पोरं एका क्षणात दगडासारखी गप्प झाली. साहेब खूश झाले. "कमाल आहे, हवालदार. इतकी शांत पोरं मी जिल्ह्यात पाहिली नाहीत." त्यांनी कागद चाळले, ठीक आहे म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

आणि इथं गुरुजींनी ती चूक केली, जी त्यांच्याशिवाय दुसरा कुणी करणार नाही. त्यांनी हात जोडून साहेबांचं पेन थांबवलं. "सायेब, सही मागनं. आदी पोरांसंगं दोन घास."

पंगत बसलेलीच होती. स्वयंपाकाच्या बाईनं माझ्या हातात ताट दिलं. कण्या, आणि साहेबांसाठी म्हणून डब्यात जपून ठेवलेला शेंगदाण्याचा कूट, त्यावर गुळाचा खडा. ताट घेऊन मी चार पावलं आले आणि बघितलं, तर कुटाचा एक कोपरा हलत होता. गुळाच्या खड्याआड एक अळी होती, पांढरी, गुबगुबीत, चांगली जिती.

दोन शब्द म्हणायचे होते. रोज म्हणत होते. पण समोर गुरुजींचं तोंड होतं, आणि त्या तोंडावर असा आनंद होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. मी ताट फिरवलं. गुळाचा खडा साहेबांच्या बाजूला, अळी माझ्या बाजूला. आणि चालत राहिले.

मी अजून दोन हात लांब होते. साहेबांनी ताटाकडं बघितलंही नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आणि त्यांचा वरचा ओठ डावीकडं जरासा उचलला गेला. नाकपुडी आवळली. हनुवटी मागं गेली. क्षणभरच. मग ते हसून म्हणाले, "अरे, नको नको. आज माझा गुरुवार असतो. उपवास."

तो चेहरा मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो माझाच चेहरा होता. शेणासाठी, सरड्यासाठी, ओकारीसाठी मी तोच करायची. अळी त्यांना दिसली नव्हती. ते तोंड माझ्या घासून घासून लाल झालेल्या हातांसाठी होतं.

लोकांना ही गोष्ट सांगताना मी म्हणते, लहान होते, शिकवलेलं होतं, पटकन खरं बोलून गेले. ते खोटं आहे. मला सगळं कळलं होतं. मी इतकी वर्षं प्रत्येक शीसाठी तीस श्वास मोजले, आणि हा एवढा मोठा माणूस आमच्या विहारात बसून आम्हालाच शी म्हणतो आणि त्याला कुणी कशापुढं बसवत नाही. मी ताट धरून उभी राहिले आणि नोंद सांगतात तशा मोठ्या, सपाट आवाजात म्हटलं, "सायेब, आज बुधवार हाय."

कुणीतरी फळ्याकडं बोट केलं. चाळीस डोकी फळ्याकडं वळली आणि मग साहेबांकडं वळली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ती पोरं नुसती बघत होती, जे आहे ते.

साहेबांचे कान तांबडे झाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, रुमाल उचलून झटकला आणि म्हणाले, "बघू. कळवतो."

त्यांनी कधीच कळवलं नाही. पुढची दिवाळी यायच्या आत शाळा बंद पडली. आम्ही सातही जण पुन्हा चौथीत बसलो, गावातल्या शाळेत, मागच्या भिंतीशी. त्यातले दोघे मध्येच सुटले आणि परत कुठल्या शाळेत गेले नाहीत. एका वाक्याची किंमत सात पोरांच्या एकेका वर्षानं चुकती झाली, आणि त्या दोघांच्या बाबतीत ती अजून चुकती झालेली नाही.

पण मला आठवतं ते हे नाही.

साहेबांची गाडी धुरळा उडवत गेल्यावर गुरुजी आत आले. मला ते एक शब्द बोलले नाहीत. खरं बोलल्याबद्दल ते कुणाला बोलू शकत नव्हते, त्यांचाच नियम. साहेबांचं ताट मी खाली ठेवलं होतं, पंगतीच्या तोंडाला, त्या मोकळ्या गोणपाटापुढं. अन्न टाकायचं नाही, हाही नियमच. गुरुजी त्या गोणपाटावर मांडी घालून बसले. टोला त्यांनी तोंडानंच दिला, अगदी हळू, "बैठ जाव." पोरं जेवायला लागली. त्यांनी गूळ उचलून पहिलीतल्या पोराच्या ताटात ठेवला, आणि सगळा कूट कण्यांत कालवला.

मी समोर उभी होते. जीव हाय. दोनच शब्द. पण सकाळपासून मी एक खरं बोलले होते आणि त्यानं सगळ्याची राखरांगोळी झाली होती. दुसरं बोलायला माझी जीभ उचलेना.

गुरुजींनी घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. आम्हाला शिकवलेलं तसंच, सावकाश चावत राहिले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी येऊन मिशीत उतरत होतं. उन्हात उभं राहून कोंबड्या हाकलणारा माणूस. मी त्यांचा जबडा मोजत होते. एक, दोन, तीन. काय होतंय ते कळायच्या आत माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, "शी."

अख्खी पंगत थांबली. गुरुजींनी डोळे उघडले. मी शिक्षेची वाट बघत होते. मला शिक्षा पाहिजे होती. त्या ताटापुढं तीस काय, तीनशे श्वास बसवलं असतं तरी मी बसले असते.

गुरुजींनी दाराकडं बघितलं, जिथून साहेब गेले होते तिकडं. मग माझ्याकडं बघितलं, आणि फार मायेनं म्हणाले, "म्हण पोरी. आज म्हण."

आणि त्यांनी दुसरा घास घेतला.